ज्या मैदानाला फाटक नव्हतं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. आणि गोल्फवर आहे हे बघून लगेच पुढे सरकू नका. मलाही गोल्फ खेळता येत नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या मेलबर्नच्या मराठी ग्रुपवर कौन्सिलच्या त्या नऊ होलच्या सार्वजनिक गोल्फ मैदानावरून जुंपली होती, ती बऱ्याच जणांनी वाचली असेल. कौन्सिलने रहिवाशांची मतं मागवली आहेत. 'एवढी मोठी जागा मूठभर म्हाताऱ्यांसाठी कशाला? क्रिकेटच्या नेट टाका, पोरांना खेळायला द्या, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे' असा एकूण सूर. पहिल्या दिवशी मीही त्या मेसेजला लाइक ठोकला आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतला. एकाने ते बरोबर हेरलं. "काय हो, पार्टी बदलली का?" आता याचं उत्तर दोन ओळींत देता येईना. त्यात आमचे अण्णा आहेत आणि पीटर थॉमसन आहे.

थॉमसन कोण, असं विचारलंत तर राग येणार नाही. या देशात येऊन सहा वर्षं होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलियन गोल्फर म्हटलं की आपल्याला ग्रेग नॉर्मन आठवतो. ती टोपी, तो शार्क, आणि पुढे ती सौदी पैशांची लीग. पण नॉर्मनने ब्रिटिश ओपन दोनदा जिंकली. थॉमसनने पाचदा. दीडशेपेक्षा जास्त वर्षं चाललेल्या या स्पर्धेत त्याच्यापुढे एकच माणूस आहे, सहा वेळा जिंकलेला हॅरी वार्डन, आणि तोही मोटारी नवलाच्या होत्या त्या काळातला.

आम्ही पहिली तीन वर्षं ब्रन्सविकमध्ये भाड्याने राहिलो. सिडनी रोडवर लेबनीज बेकरी, तुर्की खाटीक, जुन्या गिरण्यांच्या इमारतींतून झालेले फ्लॅट. आज तिथली भाडी ऐकून घाम फुटतो, पण एकेकाळी ही वीटभट्ट्यांची आणि कापडगिरण्यांची, कामगारांची वस्ती होती. थॉमसन तिथलाच, जन्म २३ ऑगस्ट १९२९. म्हणजे पोर शाळेत जायच्या वयाचं झालं तेव्हा जगभर मंदी, आणि मिसरूड फुटायच्या वेळी महायुद्ध. अशा घरातला मुलगा गोल्फकडे वळला कसा? तर घराजवळ रॉयल पार्क होतं म्हणून. नावात रॉयल असलं तरी ते शहराचं उद्यान. एका बाजूला प्राणिसंग्रहालय, मधून ट्राम जाते, आणि त्याच उद्यानात नऊ होलचं सार्वजनिक गोल्फ मैदान. सभासदत्व नको, ओळख नको. पंधराव्या वर्षी तो तिथला विजेता झाला. विसाव्या वर्षी, १९४९ मध्ये, व्यावसायिक.

मी त्या मैदानाच्या कडेने तीन वर्षं मुलीची बाबागाडी ढकलली आहे. या नऊ होलमधून काय बाहेर पडलंय याची मला काही कल्पना नव्हती.

आता जरा आकडे. कंटाळू नका, थोडेच आहेत. ब्रिटिश ओपनमधली १९५२ ते १९५८ ही त्याची सात वर्षं अशी: दुसरा, दुसरा, पहिला, पहिला, पहिला, दुसरा, पहिला. सात वर्षांत दुसऱ्याच्या खाली एकदाही नाही! १९५४ ला रॉयल बर्कडेल, ५५ ला सेंट अँड्र्यूज, ५६ ला हॉयलेक असं ओळीने तीनदा जिंकणारा तो विसाव्या शतकातला एकटा. १९५४ च्या विजयाचं बक्षीस होतं ७५० पौंड. २०२४ मध्ये त्याच स्पर्धेच्या विजेत्याला ३१ लाख डॉलर मिळाले. महागाई वगैरे सगळं धरा, तरी हिशेब जुळत नाही. आणि त्या ७५० पौंडांसाठी मेलबर्नहून इंग्लंड गाठायचं, पोचल्यावर आधी पात्रता फेऱ्या खेळायच्या, आणि शेवटच्या दिवशी एकाच दिवसात छत्तीस होल चालायचे.

अमेरिकन लोक मात्र नाक मुरडायचे. त्यांचं म्हणणं, आमचे मोठे खेळाडू तिकडे येतच नाहीत, मग जिंकण्यात काय मोठंसं? यात तथ्य नव्हतं असं नाही. बक्षिसापेक्षा प्रवासखर्च जास्त, म्हणून बरेच अमेरिकन यायचे नाहीत. थॉमसन अमेरिकेत खेळला तेव्हा तिथे त्याला त्या काळात एकच विजय मिळाला, १९५६ मध्ये टेक्सासमध्ये. त्याचं कारण समजून घ्यायला मला वेळ लागला. तेव्हा ब्रिटनचा चेंडू आणि अमेरिकेचा चेंडू वेगळे होते, ब्रिटिश चेंडू थोडा लहान. अमेरिकन मैदानं पाणी पाजून मऊ केलेली. चेंडू उंच मारायचा, तो धपकन पडतो आणि तिथेच थांबतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावरची मैदानं कडक, वारा सुटलेला. तिथे चेंडू जमिनीवरून पळवावा लागतो, कुठला चढ त्याला अडवेल आणि कुठला उतार त्याला वळवेल ते आधी ओळखावं लागतं. मेलबर्नची मैदानंही अशीच वाळूची, कडक. थॉमसनचा खेळ या जातीचा. ताकद कमी, विचार जास्त. बघणाऱ्याला वाटावं, यात काय अवघड आहे?

मग १९६५. पुन्हा बर्कडेल. या वेळी पामर होता, निक्लॉस होता, आदल्या वर्षीचा विजेता टोनी लेमा होता. आला होता सगळा अमेरिकन जथा. पस्तीस वर्षांच्या या माणसाने दोन फटक्यांनी स्पर्धा मारली. त्यानंतर 'मोठे येत नव्हते' हे वाक्य कुणी म्हणायचं धाडस केलं असेल असं वाटत नाही. केलं असेलच, अमेरिकन आहेत शेवटी.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. असा खेळाडू पैसा जिथे असेल तिथे जाईल की नाही? अमेरिकेत पैसा होता. हा आशियाकडे वळला. हाँगकाँग, फिलिपिन्स, जपान, भारत. साठच्या दशकात आशियाई देशांच्या स्पर्धांची साखळी उभी करण्यात त्याचा पुढाकार होता. भारतात प्रवासात थांबला असताना त्याला वाटलं की इथे राष्ट्रीय खुली स्पर्धा व्हायला हवी. त्याने भारतीय गोल्फ संघटनेच्या मागे लागून ती सुरू करायला मदत केली. पहिली इंडियन ओपन १९६४ मध्ये, दिल्ली गोल्फ क्लबवर. जिंकली कुणी? त्यानेच. मग १९६६ ला, आणि पुन्हा १९७६ ला, सत्तेचाळिसाव्या वर्षाकडे झुकलेला असताना. दिल्लीचं ते मैदान, लोदी काळातल्या मकबऱ्यांमधून आणि मोरांमधून जाणारं, पुढे १९७६-७७ मध्ये त्यानेच नव्याने आखून दिलं.

आता आमचे अण्णा.

अण्णा २०२३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या, तीन महिने आमच्याकडे होते. वय त्र्याहत्तर. मुलीला प्राणिसंग्रहालय दाखवून आम्ही रॉयल पार्कमधून परत येत होतो. अण्णा थांबले. समोर एक बाई चेंडूपाशी उभी होती. अण्णा पुटपुटले, "पाच नंबर काढ, सात पुरायची नाही." तिने सात नंबर मारला. चेंडू ग्रीनच्या अलीकडे खड्ड्यातल्या वाळूत जाऊन बसला. मी अण्णांकडे बघतच राहिलो.

अण्णा लहानपणी 'छावणीत कामाला' होते एवढंच आम्हा भावंडांना माहीत होतं. काय काम, ते कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. त्या दिवशी बाकावर बसून सांगितलं. बाराव्या वर्षापासून लष्कराच्या मैदानावर आगेवाला. म्हणजे पुढे पळायचं आणि साहेबांचा चेंडू कुठे पडला ते शोधून उभं राहायचं. दोन वर्षांनी पिशवी खांद्यावर आली, कॅडी झाले. फेरीला आठ आणे. हिरवळ म्हणाल तर ग्रीनवरसुद्धा नाही, ब्राउन होते. तेल मिसळलेली वाळू. साहेब लोक खेळून पुढे गेले की गोणपाट ओढून ती पुन्हा सपाट करायची, तेही यांचंच काम. क्लब पुसायचे, मोजून ठेवायचे, पण मारायचा नाही. एका पोराने संध्याकाळी गपचूप मारून बघितला, त्याला दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या आत घेतलं नाही. बाकीचे मग सळई वाकवून ओढ्याच्या कडेला खेळायचे. हरवलेले चेंडू तर यांच्याकडेच असायचे!

मी सहज विचारलं, "तुम्हाला पीटर थॉमसन माहीत होता का? इथलाच तो. याच मैदानावर शिकला."

"टॉमसन? तो दिल्लीला जिंकला तो?"

त्या वर्षी एक साहेब दिल्लीहून ती स्पर्धा बघून आला होता म्हणे. आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हता. टॉमसन चेंडू उडवत नाही, पळवतो, असं सांगायचा आणि तसं करायला जायचा, आणि चेंडू झुडपात. "आम्हीच शोधायचा," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ इकडेतिकडे बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ह्याला फाटक कुठंय?"

म्हटलं, नाही. पैसे भरायचे आणि खेळायचं.

"कोणी पण?"

"कोणी पण."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. क्लबही तिथेच भाड्याने मिळाले. पैसे भरले, आणि मी पाकीट खिशात ठेवून वळलो तर अण्णांनी पिशवी उचलून खांद्याला लावली होती आणि माझ्या मागे चार पावलं सोडून उभे होते. मी म्हटलं, "अण्णा, द्या इकडे." ते म्हणाले, "राहू दे रे, सवय आहे." ती पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून घेताना मला जे झालं ते इथे लिहिता येणार नाही. पहिले दोन फटके त्यांनी हवेत मारले. तिसरा चेंडूच्या डोक्यावर बसला आणि चेंडू जमिनीवरून सरपटत चाळीसेक पावलं गेला. मुलगी टाळ्या वाजवत ओरडली, "आजोबा, पळाला!"

त्या रात्रीपासून मी थॉमसनबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. एक गोष्ट खटकलीही. इंडियन ओपन ज्या क्लबांवर झाली तिथे सामान्य माणूस आत जाऊ शकत नव्हता, आजही जात नाही. दिल्लीच्या क्लबची जमीन सरकारी, पण सभासद व्हायला लोक वर्षानुवर्षं यादीत थांबतात. रॉयल पार्कमध्ये वाढलेल्या माणसाला हे टोचलं नसेल का? मला वाटतं, टोचायला हवं होतं. पण स्पर्धा उभी राहिली हेही खरं, आणि तिने काय केलं ते बघा. १९६५ ला पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी जिंकले, ते हौशी खेळाडू. त्यानंतर तब्बल सव्वीस वर्षं एकही भारतीय नाही. १९९१ ला जिंकला अली शेर, दिल्लीच्याच मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेला. दोन वर्षांनी तोच पुन्हा. २०१६ आणि २०१७ ला शिवशंकर प्रसाद चौरसिया. त्याचे वडील कोलकात्याच्या क्लबवर ग्रीन राखायचे. पिशवी उचलणाऱ्यांनी आणि गवत राखणाऱ्यांच्या पोरांनी त्या स्पर्धेचा चषक उचलला. हे नाव मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी 'कॅडी होता ना?' एवढंच दोनदा विचारून घेतलं.

थॉमसनचं बाकीचं आयुष्य भराभर सांगतो, कारण ते एका माणसाचं वाटतच नाही. १९६२ ते १९९४ ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक गोल्फर संघटनेचा अध्यक्ष, बत्तीस वर्षं. 'द एज' या वर्तमानपत्रात अनेक वर्षं लेखन, आणि स्वतः लिहायचा. न्यूझीलंड ओपन नऊ वेळा. माइक वुलव्हरिजबरोबर देशोदेशी मैदानं आखली, त्यात गोल्फची पंढरी म्हणावी त्या सेंट अँड्र्यूजमधलं एक.

आणि राजकारण! १९८२ मध्ये आपल्या व्हिक्टोरियाच्या विधानसभेला प्राहरानमधून लिबरल पक्षाकडून उभा राहिला. सार्वजनिक मैदानात वाढला म्हणून तो डाव्या विचारांचा असेल अशी समजूत कुणी करून घेतली असेल तर सोडून द्या. त्या वर्षी लाट लेबरची होती, हा थोडक्यात पडला. बावन्नाव्या वर्षी पराभूत उमेदवार म्हणजे आपल्याकडे एखाद्या महामंडळाची वाट बघत बसतो. हा अमेरिकेत गेला, तिथल्या पन्नाशीपुढच्या खेळाडूंच्या मालिकेत. १९८५ या एका वर्षात नऊ स्पर्धा जिंकल्या. नऊ! आणि वर्षाच्या कमाईच्या यादीतही पहिला. ज्या देशाने तीस वर्षं त्याच्याबद्दल 'पण अमेरिकेत कुठे जिंकला' असं म्हटलं, तिथे. प्राहरानच्या मतदारांचे त्यासाठी आभार मानायला हवेत.

डिसेंबर १९९८ मध्ये प्रेसिडेंट्स कप रॉयल मेलबर्नवर झाला. एका बाजूला अमेरिका, कप्तान निक्लॉस. दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेलं जग, कप्तान थॉमसन. त्याच्या संघात नॉर्मन, एल्स होते, जपानचा मारुयामा होता, पॅराग्वेचा फ्रँको होता, आणि फिजीचा आपल्या रक्ताचा विजय सिंग होता. साडेवीस विरुद्ध साडेअकरा. अमेरिका त्या स्पर्धेत हरली ती तेवढी एकदाच. २० जून २०१८ ला मेलबर्नमध्येच थॉमसन गेला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. शेवटची काही वर्षं पार्किन्सन्स होता.

आता पुन्हा आपल्या भांडणाकडे. 'नऊ होल ठेवा, उद्या थॉमसन निघेल' असा युक्तिवाद मी करणार नाही. तो फसवा आहे. शंभर वर्षांत एक निघतो. रॉयल पार्कमध्ये मी त्या रविवारी जे लोक बघितले त्यात एक निवृत्त ट्रामचालक होता, रात्रपाळी करून आलेली एक नर्स होती, आणि दोन शाळकरी पोरं एकच क्लबचा संच वाटून खेळत होती. मैदान त्यांच्यासाठी आहे.

दुसरी बाजूही मला कळते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोल्फ बंद होता, तेव्हा नॉर्थकोटच्या मैदानात लोक फिरायला शिरले, आणि एवढी हिरवी जागा आपल्या शेजारी होती हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. मग तो वाद किती दिवस चालला आठवतंय ना? सिडनीत तर सरकारने २०२३ मध्ये मूर पार्कच्या अठरा होलचे नऊ करून उरलेल्या जागेत उद्यान करायचं जाहीर केलं. दाटीवाटीच्या वस्तीत हा प्रश्न येणारच. मीही आमच्या इथल्या मैदानात तेव्हा मुलीला घेऊन फिरलोय.

पण एक गोष्ट मला सहन होत नाही. दक्षिणेकडच्या वाळूच्या पट्ट्यात क्लबांमागून क्लब आहेत, उंच कुंपणं, सभासदांखेरीज प्रवेश नाही. त्यांच्याबद्दल आपल्या ग्रुपवर एक अक्षर नाही. 'श्रीमंतांचा खेळ' म्हणून आपण चिडलो, आणि बंद करायला निघालो ते ज्याला फाटक नाही ते मैदान. कारण ते कौन्सिलचं आहे, तिथे एक फॉर्म भरून आपला आवाज पोचतो. खेळ खरोखरच फक्त श्रीमंतांचा होईल तो असाच.

तेव्हा मी फॉर्म भरला. नऊ होल राहू द्या, फी वाढवू नका, कडेने चालायला मोकळी वाट द्या, आणि शाळांच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस फुकट. क्रिकेटच्या नेटसाठीही लिहिलं आहे, पलीकडे मोकळा वाहनतळ पडून आहे तिथे. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तुमचं मत माझ्या उलट असलं तरी भरा, पण त्याआधी एकदा तिथे जाऊन तासभर बसून या.

काल रात्री अण्णांचा फोन होता. गुडघे, पाऊस, कांद्याचा भाव, सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "त्या बाईला सांग, पुढच्या वेळी पाच नंबर घे म्हणावं."